समुद्रतळाखालची ती रेघ: नानकाईत प्लेटची सीमा 'दिसते' म्हणजे काय दिसतं?

लाटकर · रवि, सकाळी ९:१५

शेजारच्या भूकंपाच्या धाग्यावर परवा कोणीतरी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं एक चित्र डकवलं आणि खाली लिहिलं, 'हा घ्या जपानच्या समुद्राखालचा फोटो, फॉल्ट उघड्या डोळ्यांनी दिसतोय.' तिथे दोन ओळी लिहायला बसलो, त्या वाढत गेल्या. तो धागा भरकटायला नको म्हणून वेगळा काढतो.

फोटो नाही हो तो. हिशोबाच्या वहीतलं पान आहे, आणि त्यातली सगळ्यात मोठी रक्कम अंदाजाने धरलेली आहे. मी बावीस वर्षं आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अशी चित्रं काढायच्या धंद्यात आहे. पहिली चार जहाजावर गेली, पुढची ऑफिसात प्रोसेसिंग करण्यात, म्हणजे नोंदींचं चित्र बनवण्यात. माझं काम तेलासाठीचं, प्लेटांच्या सीमा हा फावल्या वेळचा नाद. चुकलो तर कान धरा.

आधी जागा. जपानच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला समांतर नानकाई नावाचा समुद्री खंदक आहे. फिलिपीन समुद्राची प्लेट तिथे जपानखाली शिरते, वर्षाला चार ते सहा सेंटीमीटर. गुपचूप सरकत राहिली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण ती अडकते. शंभर-दीडशे वर्षं ताण साठतो आणि एक दिवस सुटतो. १७०७, १८५४, मग १९४४ आणि १९४६. १८५४ मध्ये पूर्वेकडचा तुकडा सुटला आणि ३२ तासांनी पश्चिमेकडचा. ७ डिसेंबर १९४४ ला हादरा बसला तेव्हा युद्ध सुरू होतं, म्हणून सरकारने बातमीच दडपली.

ही अडकण्याची जागा समुद्राच्या तळाखाली कैक किलोमीटरवर आहे. तिथलं काही कळून घ्यायचं तर विहिरीत हाक मारून कान द्यायचा, तसंच करावं लागतं.

जहाजामागे काही मीटर खोल पाण्यात एअरगनची माळ असते. चौरस इंचाला सुमारे २००० पौंड दाबाने कोंडलेली हवा एका क्षणात सोडायची. ठुप्प. जहाज तासाला आठ-नऊ किलोमीटरने चालत राहतं आणि दर पंधरा-वीस सेकंदांनी पुन्हा ठुप्प, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. केबिनमध्ये झोपलेल्याला याची इतकी सवय होते की ठोका चुकला की जाग येते. मी कैक वेळा दचकून उठून बसलोय, गन बंद का पडली म्हणून.

मागे काही किलोमीटर लांबीची केबल तरंगत येते, स्ट्रीमर म्हणतात तिला. तिच्या पोटात शेकडो हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात ऐकणारे मायक्रोफोन. आवाज खाली जातो आणि जिथे खडकाची घनता गुणिले त्यातला आवाजाचा वेग हा गुणाकार बदलतो, तिथून त्यातला थोडासा हिस्सा मागे फिरतो. हायड्रोफोनला दोनच गोष्टी कळतात: किती वेळाने आला आणि किती जोरात आला. किती खोलवरून आला हे त्याला कळत नाही. ते आपण ठरवतो.

२००६ साली नानकाईतल्या कुमानोच्या समुद्रात १२ किलोमीटर रुंद, ५६ किलोमीटर लांब अशा पट्ट्यात त्रिमितीय सर्व्हे झाला. तेलवाल्यांचं जहाज, साडेचार किलोमीटरच्या चार केबली. तिथून कुरोशिओ प्रवाह वाहतो, तो या केबलींना सरळ राहूच देत नाही, गायीच्या शेपटासारख्या एका अंगाला ढकलतो. फेदरिंग म्हणतो आम्ही त्याला. केबल कुठे आहे तेच दर ठोक्याला नव्याने मोजत बसावं लागतं. एवढं करून २००७ मध्ये जे चित्र छापून आलं ते बघून मी जेवण विसरलो होतो. प्लेटच्या मुख्य सीमेतून एक भलामोठा फाटा फुटतो आणि वरचा सगळा गाळ चिरत समुद्रतळाकडे उभा चढतो. मेगास्प्ले म्हणतात. सीमेवरचा धक्का खंदकाच्या दिशेने आडवा जाण्याऐवजी या फाट्याने वर गेला तर तळ उचलला जातो आणि त्सुनामी मोठी होते. १९४४ ला तसं झालं असावं, हा संशय या चित्राने बळकट झाला.

आता गणित. ज्या ठिकाणी पुढे भोक पाडलं तिथे समुद्र साधारण १९४० मीटर खोल. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला १५०० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन २.५९ सेकंद. त्याखाली तो फाटा ५२०० मीटरवर धरलेला होता. गाळ आणि खडकातला सरासरी वेग ३००० धरला तर आणखी १.७३ सेकंद. पण वेग ३००० च कशावरून? पाच टक्के इकडेतिकडे झाला की रेघ २६० मीटरने वर किंवा खाली.

मग तपासायचं कसं? भोक पाडून. जपानचं चिक्यू जहाज (चिक्यू म्हणजे पृथ्वी) २००७ पासून या भागात भोकं पाडतंय. ऑक्टोबर २०१८ ला शेवटची मोठी मोहीम निघाली, त्या ५२०० मीटरवरच्या रेघेला हात लावायला. मार्च २०१९ ला थांबली तेव्हा खोली होती ३२६२.५ मीटर. विज्ञानासाठी समुद्रतळाखाली इतकं खोल तोवर कोणी गेलं नव्हतं. तरी रेघ जवळजवळ दोन किलोमीटर खालीच राहिली.

म्हणजे जगातल्या सगळ्यात बारकाईने तपासलेल्या प्लेट-सीमांपैकी एक, शेकडो शोधनिबंधांत छापलेली, आणि त्या खोलीवर तिला अजून कोणी शिवलेलं नाही. फोटो म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं होतं.

---

सावली_दुपारची · रवि, सकाळी १०:०२

मस्त लिहिलंय. मी सोनोग्राफी करते, रोज वीस-पंचवीस पोटं बघते. वाचताना सारखं वाटत होतं की हे तर आमचंच काम, फक्त पेशंट मोठा. पण मग जाणवलं, आमचं मशीन आवाजाचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरूनच चालतं. चरबी असो, यकृत असो, त्याला काही देणंघेणं नाही. आम्ही कधी त्या आकड्याकडे बघतसुद्धा नाही. तुम्हाला तो आकडाच माहीत नसतो? मग काढता कसा?

---

लाटकर · रवि, सकाळी १०:४०

डॉक्टर, नेमकं बोट ठेवलंत. लोक सोनोग्राफीची उपमा देतात तेव्हा हीच गोष्ट निसटते. शरीर बहुतेक पाणीच, म्हणून तुमचं एका आकड्यावर भागतं. आमच्याकडे पाणी १५००, तळाचा ताजा चिखल १६००-१७००, दबलेला गाळ २५००-३५००, समुद्री कवच ६०००-७०००, प्रावरण ८००० च्या आसपास. आणि हे थर सरळ रचलेले नसतात, खंदकाजवळ तर चुरगळलेल्या चादरीसारखे.

वेग काढायचा कसा? म्हणूनच केबल लांब लागते. एकाच बिंदूवरून परतलेला आवाज जवळच्या हायड्रोफोनला लवकर पोचतो, लांबच्याला उशिरा, कारण त्याची वाट तिरकी आणि लांबडी. हा उशीर केबलभर मांडला की एक वाकडी रेषा मिळते. वेग जास्त तर रेषा चपटी, कमी तर जास्त वाकलेली. त्या बाकावरून वेग ओळखायचा. आम्ही स्क्रीनवर एकेक बिंदू टिचकी मारून 'पिक' करतो. नवीन पोरांना पहिले सहा महिने हेच काम, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

गोची अशी की खोली वाढत जाते तसा तो बाक चपटा होतो. पाण्याखाली सात किलोमीटर आणि केबल साडेचार किलोमीटर, म्हणजे बाक जवळजवळ दिसतच नाही. मग समुद्रतळावर भूकंपमापक ठेवून येतात, ओबीएस. त्यांच्यापर्यंत शंभर किलोमीटर लांबून आलेल्या, खडकाच्या आतून आडव्या धावलेल्या लाटा पोचतात. त्यातून वेगाचा ढोबळ नकाशा मिळतो आणि तो वापरून परावर्तनाचं चित्र सेकंदांतून मीटरमध्ये आणतात. एकदा आणून भागत नाही. चित्र काढायचं, रेघा वेड्यावाकड्या आल्या की वेग बदलायचा, पुन्हा काढायचं.

---

ढेपाळलेला_ढेपे · रवि, सकाळी ११:१८

थोडक्यात काय, पाणाड्या तळहातावर नारळ उभा करून शेतात फिरतो, तुम्ही केबल ओढत समुद्रात फिरता. त्याचंही भोक कोरडं जातं, तुमचंही ३२६२ वर अडकतं. फरक फक्त बिलाचा. 😄

---

लाटकर · रवि, सकाळी ११:३०

ढेपे, आमच्यातले अर्धे लोक हे खासगीत मान्य करतील. पण पाणाड्या चूक किती होऊ शकते ते आधी सांगत नाही.

---

खडूफळा · रवि, दुपारी १:०५

लाटकर, लेख आवडला. तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे सवयीने वही-पेन घेऊन बसलो. पाण्यासाठी तुम्ही जाऊन-येऊन वेळ घेतलात: १९४० दुणे ३८८०, भागिले १५००, २.५९. बरोबर. खडकासाठी मात्र ५२०० भागिले ३००० केलंत, १.७३. परतीचा प्रवास विसरलात. ३.४७ हवं. दहावीच्या पेपरात एक गुण गेला असता.

हे दुरुस्त केल्यावर दुसरंच दिसलं. रेघेचा प्रतिध्वनी २.५९ अधिक ३.४७, म्हणजे ६.०६ सेकंदांना येणार. आता पहिला आवाज समुद्रतळावर आपटून वर आला, पाण्याच्या पृष्ठभागावरून खाली फिरला, पुन्हा तळावर आपटून वर आला तर? २.५९ दुणे ५.१८ सेकंद. म्हणजे तुमच्या रेघेच्या जेमतेम नऊ दशांश सेकंद आधी समुद्रतळाचीच एक खोटी नक्कल चित्रात उमटणार. आणि ती जोरदार असणार. तिचं काय करता?

दुसरी शंका. चित्रात ती फाट्याची रेघ चांगली जाड आहे. फॉल्ट तेवढा जाड असतो का?

---

लाटकर · रवि, दुपारी २:२०

सर, मान खाली. बावीस वर्षं 'टू-वे टाइम' जपत बसलोय आणि लेखात वन-वे लिहून गेलो. मूळ लेखातली चूक तशीच ठेवतो, नाहीतर तुमचा प्रतिसाद वाचणाऱ्याला संदर्भ लागणार नाही. २६० मीटरचा हिशोब मात्र बदलत नाही.

आणि त्या खोट्या नकलेला आम्ही मल्टिपल म्हणतो. तुम्ही वहीवर पाच मिनिटांत गाठलंत त्यावर लोकांची अख्खी करिअर गेली. एकाखाली एक नकला येतात, तळ चढा असेल तर नक्कल दुप्पट चढी, आणि ती खऱ्या रेघांना मध्येच कापत जाते. ओळखायची खूण वेग. मल्टिपलचा सगळा प्रवास पाण्यातला, त्यामुळे तिचा बाक १५०० चा. खोलवरच्या खऱ्या परावर्तनाचा बाक त्याहून चपटा. दोघींना या फरकावर वेगळं काढायचं. काढताना थोडं खरंही निघून जातं. तांदूळ निवडताना खड्याबरोबर चार दाणे जातातच.

आता जाडी. नाही, रेघेच्या जाडीचा फॉल्टच्या जाडीशी फार थोडा संबंध. ती जाडी लाटेची असते. खोलवर पोचेपर्यंत बारीक, उंच पट्टीचे सूर गळून जातात, उरतात समजा २० हर्ट्झ. वेग ४००० असेल तर तरंगलांबी २०० मीटर. तिच्या चौथ्या हिश्शापेक्षा, म्हणजे ५० मीटरपेक्षा पातळ थराचा वरचा आणि खालचा काठ वेगळा दिसत नाही. थर आहे एवढं कळतं, केवढा ते नाही.

खरा फॉल्ट केवढा असतो याचा दाखला जपानच्या ईशान्येकडच्या तोहोकूचा. ११ मार्च २०११ चा भूकंप तुम्हाला आठवत असेलच. पुढच्याच वर्षी चिक्यू तिथे गेलं. जवळपास ६९०० मीटर पाणी, त्याखाली साडेआठशे मीटर भोक. सुमारे ८२० मीटरवर प्लेटची सीमा लागली. पाच मीटरपेक्षाही पातळ, चिकणमातीचा पट्टा. स्मेक्टाइट नावाची माती, ओली झाली की साबणासारखी निसरडी. भोकात तापमापकांची माळ सोडून ठेवली होती. भूकंपानंतर दीड-दोन वर्षांनीही सीमेपाशी तापमान आजूबाजूपेक्षा ०.३१ अंशाने जास्त निघालं. घर्षणाची उष्णता. त्यावरून घर्षणांक काढला तर ०.०८. म्हणजे जवळपास ५० मीटर सरकलेली जागा पाच मीटरच्या आत मावते आणि तिने फारसा विरोधही केला नाही. कुठलंही जहाज, कुठलीही केबल ती पाच मीटरची माती दाखवू शकली नसती. सीमा कुठे आहे हे मात्र त्या चित्रांनीच सांगितलं, म्हणून भोक कुठे पाडायचं ते कळलं.

---

सावली_दुपारची · रवि, दुपारी ३:११

०.३१ अंश! आमच्याकडे एवढ्या फरकाला ताप म्हणत नाहीत.

---

सिएटलकर_सई · रवि, रात्री ९:४८

आमच्या दाराशी कॅस्केडिया आहे, अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यालगतची अशीच प्लेटची सीमा, म्हणून लिहितेय. इथे शेवटचा महाभूकंप २६ जानेवारी १७०० च्या रात्री झाला. तारीख कळली ती जपानी नोंदींवरून, कारण भूकंप न जाणवता त्यांच्याकडे त्सुनामी आली होती. आणि इथल्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात मेलेल्या सीडर झाडांच्या खोडांतली वर्षागणिक कडी त्या वर्षाशी जुळली.

२०२१ मध्ये मार्कस लँगसेथ जहाजाने ४१ दिवस इथला जवळपास सगळा किनारा पिंजून काढला. केबल १५ किलोमीटरची. लाटकरदादांनी बाकाचं सांगितलं ते वाचून आता कळलं एवढी लांब का. २०२४ ला सुझॅन कार्बोट आणि सहकाऱ्यांचा निबंध आला: खाली जाणारी प्लेट अखंड नाही, किमान चार तुकडे आहेत, प्रत्येकाचा उतार आणि खडबडीतपणा वेगळा. वॉशिंग्टन राज्यासमोरचा तुकडा सगळ्यात चपटा आणि गुळगुळीत. इथल्या बातम्यांनी 'सर्वात धोकादायक' म्हणून मथळे केले. माझा बाळबोध प्रश्न, गुळगुळीत असेल तर सहज सरकेल ना? धोका कमी व्हायला हवा.

---

लाटकर · सोम, सकाळी ७:५५

सई, बाळबोध अजिबात नाही. खडबडीत सीमेवर, समजा खाली गेलेला एखादा समुद्री डोंगर आहे, तर ताण जागोजागी वाटला जातो आणि फाटत आलेली चीर अशा ठिकाणी अडखळून थांबू शकते. गुळगुळीत आणि सलग पट्टा एकसंध अडकतो, आणि सुटला की चिरेला थांबवायला मध्ये काही नसतं. शिवाय चपटा म्हणजे सीमा कमी खोलीवर राहून जमिनीच्या दिशेने लांबवर आत जाते. हा तर्क पटण्याजोगा आहे, पण तर्क आहे. डोंगर नेहमी भूकंप थांबवतो की कधी सुरू करतो यावर लोक अजून भांडतात.

अजून एक खूण सांगायची राहिली, मला सगळ्यात आवडणारी. परतणाऱ्या लाटेची दिशा. मऊ थरातून कठीण थरावर आपटून आली तर सुलटी येते, कठीणातून मऊवर आपटली तर उलटी, शिखराच्या जागी दरी. खोल जाऊ तसा खडक कठीण होत जातो, त्यामुळे बहुतेक रेघा सुलट्या. नानकाईत मुरोतोजवळ प्लेट-सीमेची रेघ उलटी येते. म्हणजे वरचा गाळ कठीण, खालचा मऊ. खालच्या गाळातलं पाणी बाहेर पडायला जागाच मिळाली नाही, ते दाबाखाली कोंडलंय आणि वरचं ओझं अंशतः तेच उचलतंय. अशी सीमा निसरडी असते. पण सावध. त्याच समुद्रात वरच्या बाजूला तळाला समांतर एक उलटी रेघ येते, तिचा फॉल्टशी संबंध नाही. गोठलेला मिथेन आणि त्याखालचा मोकळा वायू यांच्यातली ती हद्द आहे. पहिल्यांदा बघणारा हमखास फसतो. मीही फसलो होतो, भर मीटिंगमध्ये.

---

नागोया_लोकल · सोम, दुपारी १२:३०

इथे बसून हा धागा वाचणं म्हणजे वेगळाच अनुभव. ८ ऑगस्ट २०२४ ला नानकाईच्या पश्चिम टोकाला, ह्युगानादात ७.१ चा भूकंप झाला आणि हवामान खात्याने नानकाईसाठी पहिल्यांदाच 'महाभूकंपाची शक्यता वाढली आहे' अशी सूचना काढली. आठवडाभर. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसऱ्या दिवशी पाण्याच्या बाटल्या गायब. बायकोने बाथटब भरून ठेवला, मुलगा त्यात होड्या सोडत बसला. १५ तारखेला सूचना मागे घेतली.

माझा प्रश्न: एवढी चित्रं आहेत तर 'अडकलंय' की 'हळू सरकतंय' हे चित्रात दिसतं का?

---

लाटकर · सोम, दुपारी १:१०

नाही. चित्र ढाच्याचं असतं, हालचालीचं नाही. त्यासाठी ऐकत बसावं लागतं. चिक्यूने पाडलेल्या काही भोकांत दाब मोजणारी यंत्रं कायमची बसवली आणि केबलने किनाऱ्याला जोडली. त्यांनी २०१७ ला छापून आलेली मोठी गोष्ट पकडली: खंदकाजवळ सीमा आठ ते पंधरा महिन्यांनी एकदा, काही दिवस-आठवडे घेऊन, एक ते चार सेंटीमीटर हळूच सरकते. कोणाला हादरा जाणवत नाही. म्हणजे साठणाऱ्या ताणातला बराचसा हिस्सा तिथे असा निघून जातो. सगळा नाही.

---

रत्नांग्री_खालची_आळी · सोम, रात्री ८:०५

वाचून समुद्राकडं बघायची पद्धतच बदलली. आमच्या कोकणाला असलं काही आहे काय? आमचे आजोबा मुंबईत गोदीत होते, ते सांगायचे की लढाई संपली त्या वर्षी एका सकाळी समुद्र असाच चढला होता.

---

लाटकर · सोम, रात्री ९:२५

आजोबा बरोबर सांगायचे. २८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे मकरानच्या किनाऱ्यावर, आजच्या पाकिस्तानात, ८.१ चा भूकंप झाला. पासनी गाव उद्ध्वस्त झालं. लाट अरबी समुद्र ओलांडून सकाळी मुंबईत पोचली, सुमारे दोन मीटर उंचीची, आणि इथेही माणसं वाहून गेली. कोकण स्वतः प्लेटच्या सीमेवर नाही, पण मकरानची सीमा समोरच्याच समुद्रात आहे.

मकरानचं चित्र नानकाईहून अवघड. खाली जाणाऱ्या प्लेटवर सात-एक किलोमीटर गाळ. सीमा दोन-तीन अंशांच्या उताराने जाते, म्हणजे जवळपास आडवी, आणि वर गाळाच्या घड्यांवर घड्या. इराणकडचा पश्चिम भाग अलीकडच्या काळात मोठा सुटलेला नाही. तो अडकून बसलाय की निवांत सरकतोय, यावर एकमत नाही. आणि तिथे नानकाईसारखी यंत्रं भोकात बसवलेली नाहीत.

---

कराड_ते_कोयना · सोम, रात्री १०:१२

अवांतर, पण राहवत नाही. आमच्याकडेही भोक आहे! कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप प्लेटच्या सीमेवरचा नव्हे, पण त्याच्या अभ्यासासाठी गोठणे गावापाशी तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय. कराडला त्याची प्रयोगशाळा आहे. गावात चार वर्षं चर्चा होती की तेल लागलं.

---

लाटकर · सोम, रात्री १०:३०

अवांतर कसलं, चुलत भावंडच आहे. आणि तिथे आमच्या लाटांचे हाल बघा. वरचा हजार-बाराशे मीटर बेसॉल्ट, थरावर थर. अर्धी ऊर्जा तिथेच उड्या मारत राहते, खालच्या ग्रॅनाइटपर्यंत पोचून परत येणारं फार थोडं. काळ्या दगडाखाली बघणं हे आमच्या धंद्यात कुप्रसिद्ध दुखणं आहे.

---

गोदाकाठ · मंगळ, सकाळी ८:४०

सगळं वाचलं, ज्ञानात भर पडली. पण दर वीस सेकंदांनी ठुप्प, दिवसरात्र, तर देवमाशांचं काय होतं? यावर कोणी अवाक्षर काढलं नाही.

---

लाटकर · मंगळ, सकाळी ९:३०

रास्त प्रश्न. देवमासे आवाजावर जगतात, त्यांना त्रास होतो, यात वाद नाही. आता जहाजावर फक्त समुद्र बघत बसणारी माणसं नेमतात. सुरुवात हळू आवाजाने करतात, ठरलेल्या अंतरात देवमासा दिसला की गन बंद. रात्री आणि खवळलेल्या समुद्रात ही राखण किती खरी, हे तुम्हीच ठरवा.

देवमासा मी दोनदाच पाहिला, पण मासेमारांशी गाठ रोजची. पश्चिम किनाऱ्यावर काम करताना एका पहाटे आमच्या केबलीत जाळं गुंतलं. तांडेल होडी जवळ आणून ओरडत होता, तुमच्या आवाजाने म्हावरा पळालं आणि आता जाळंही गेलं. भरपाईचा कागद भरून घेतला. ज्या कंपनीत होतो तिने तो कागद कुठे सरकवला देव जाणे, मी सोडेपर्यंत पैसे दिलेले नव्हते. ते जाळं निळं होतं, अजून डोळ्यांसमोर आहे.

---

खडूफळा · मंगळ, सायंकाळी ६:१५

एक शेवटचं. मोठा भूकंप झाल्यावर त्याच जागी पुन्हा चित्र काढलं तर फरक दिसेल?

---

लाटकर · मंगळ, रात्री १०:५०

दिसतो, जर आधीचं चित्र असेल तर. तोहोकूत नशीब. १९९९ ला आणि २००४ ला ज्या रेषेवर समुद्रतळ मोजला होता त्याच रेषेवर २०११ ला काही दिवसांत जहाज पाठवलं. खंदकापर्यंतचा तळ सुमारे ५० मीटर आग्नेय-पूर्वेला आणि १० मीटर वर गेलेला निघाला. जुनी मोजणी नसती तर पन्नास मीटर हा आकडाच कोणाला कळला नसता.

नानकाईचं 'आधीचं' चित्र तयार आहे. तिथला बराचसा जुना डेटा अभ्यासाला मिळतो. मी दोन महिने झाले, एक जुनी रेषा घेऊन रविवारी घरच्या संगणकावर वेगाचं गणित पुन्हा करत बसलोय. बायको म्हणते, ऑफिसात पुरत नाही का. छापलेल्या चित्रापेक्षा माझी रेघ शंभरेक मीटर वर येते. तीनदा केलं, तीनदा तेच. चूक बहुधा माझीच, पण कुठे ते सापडत नाहीये.

---

खडूफळा · मंगळ, रात्री ११:०२

भागिले दोन केलंत ना?